बोरीपाड्याची हद्द

कैतान गोम्स दुपारी जेवून खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. नव्वदी गाठलेला माणूस. पोट भरलेलं, अंगात धुतलेला सदरा, उशाशी मुलगी. असं मरण मागून मिळत नाही, असं जो तो म्हणाला. रोजालीनेही मनात तेच म्हटलं. तिने वडिलांचे डोळे मिटले, हनुवटीखालून रुमाल बांधला, खारघरला भावाला फोन केला, शेजारणींना आत बसवलं आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन ती मे महिन्याच्या उन्हात बाहेर पडली.

"आता कुठं निघालीस, बाय?" एका शेजारणीने विचारलं.

"गाडी बघून येते."

 शेजारणीने नजर वळवली आणि दुसरीने पदर सारखा केला. रोजालीच्या नजरेतून ते सुटलं नाही. उभा जन्म बालवाडीत घालवलेल्या बाईला न बोललेलं आधी ऐकू येतं.

ही गाडी कसली, ते इथेच सांगून टाकायला हवं. नेऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी उंबरपाडा आहे. आगऱ्यांची घरं बरीच, ख्रिस्ती घरं थोडी. पण चर्च उंबरपाड्यालाच आहे, शाळेच्या दोन वर्गांएवढं, कौलारू. आसपासच्या वाड्यापाड्यांतले ख्रिस्ती रविवारी तिथे येतात. दफनभूमी मात्र गावात नाही. पायथ्याची जमीन सगळी कातळ, तिथे खड्डा कसा खणणार? म्हणून ती खाली, पनवेलच्या वाटेवर, विचुंब्याच्या अलीकडे आहे. तिथवर माणसाला न्यायची ही गाडी. दोन मोठी लाकडी चाकं, मधे लांब फळी, पुढे दोन दांडे आणि मागे रेटायला एक आडवी दांडी. तिला कधी बैल जुंपलेला नाही. ती माणसांच्या हातांनी चालते.

चाकं पनवेलची. आज पनवेल म्हटलं की लोकांना हायवे आठवतो, पण एके काळी खाडीतून गलबतं थेट बंदराला लागत. खाडीकाठचं मीठ आणि आतल्या गावांचा तांदूळ तिथून निघायचा. घाटावर जाणारा माल बैलगाड्यांत भरला जायचा. जिथे एवढ्या गाड्या, तिथे चाकं करणारे आलेच. पनवेलचं चाक घाट चढून उतरलं तरी कुरकुरत नाही, असं गाडीवान सांगत. त्या कारागिरांत एक मुसलमान घर होतं. लोक त्यांना चाकवालेच म्हणत.

मग मानमोडीची साथ आली. शंभराहून अधिक वर्षं झाली त्याला. माणूस सकाळी तापायचा आणि दोन दिवसांत जायचा. तेव्हाचे उंबरपाड्याचे पाद्री सिल्वा चाकवाल्यांकडे गेले आणि म्हणाले, एकट्या माणसाला ओढता येईल अशी गाडी पाहिजे. चाकवाल्याने ती करून दिली. मोबदला काय, असं पाद्रींनी विचारलं, तर म्हणाला, "साथ आमच्या गल्लीतही आलीय. लागली तर आमच्या माणसांनाही हिच्यातूनच न्या." त्या पावसाळ्यानंतर ती गाडी स्मशानात गेली, कबरस्तानात गेली, दफनभूमीत गेली. कोण कुठल्या देवाचा, ते तिने विचारलं नाही.

पहिले काही दिवस पाद्री एकटेच ओढत होते. ज्या घरात माणूस जाई, त्या घरातले उरलेले तापाने पडलेले असत. हात लावणार कोण? एके दिवशी उंबरपाड्याच्या आगऱ्यांनी पाद्रींच्या हातातून दांडे काढून घेतले आणि आपल्या हद्दीपर्यंत गाडी नेली. हद्दीवर पुढच्या बोरीपाड्याची माणसं उभी होती. त्यांनी आपल्या हद्दीपर्यंत नेली. तिथून खाली पनवेलकरांनी. साथ गेली, पण रीत राहिली. जिच्यात आपलं माणूस आहे त्या गाडीला घरच्यांनी हात लावायचा नाही. त्यांनी मोकळ्या हातांनी मागून चालायचं. गाडी ज्या त्या गावाने आपल्या हद्दीपुरती न्यायची.

कैतान गोम्स या गाडीचे राखणदार होते. वंगण घालायचे, दांड्यांना तेल लावायचे, अंत्ययात्रेत गाडीच्या पुढे चालायचे. किती जणांच्या पुढे चालले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आणि गेल्या काही वर्षांत ही रीत बंद पडली होती. करोनात बंद पडली. त्या साथीत हात लावणं हाच गुन्हा झाला होता. रोजालीची आई तेव्हाच गेली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, दवाखान्याच्या व्हॅनमधून, मागे चालायला कुणी नाही. त्यानंतर गावात जी दोनतीन माणसं गेली तीही शववाहिकेतूनच. एकदा सोय दिसली की माणूस तिकडे वळतो, त्यात त्याची चूक नाही. पुढे चर्चचा मोठा वर्धापनदिन आला तेव्हा गाडीची आठवण झाली. सगळ्यांनी मिळून तिला घासलं, पॉलिश केलं, चर्चच्या शेजारी तिच्यासाठी काचेची खोली बांधली. वर दिवे लावले. बाहेरगावचे लोक येऊन फोटो काढू लागले.

त्या खोलीचं कुलूप रोजालीने उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी झळ आली. तिने चाकावर हात ठेवला. चाकाच्या कडेवर लोखंडी पट्टी असते, तिला धाव म्हणतात. ती लाकडाला घट्ट आवळून धरते, म्हणून चाक एकसंध राहतं. रोजालीच्या हाताखाली धाव सरकली. सैल बांगडी मनगटावर सरकावी तशी.

ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

संध्याकाळपर्यंत भाऊ आंतोन आला. तो साठी नुकतीच उलटलेला, बँकेतून निवृत्त, व्यवस्थित माणूस. येतानाच त्याने सगळं ठरवून टाकलं होतं. शीतपेटी मागवली होती, उद्या चार वाजता शववाहिका सांगितली होती, ओळखीच्यांना फोनवर निरोप पाठवले होते. पाठोपाठ पनवेलहून शाहीद आला. चाकवाल्यांच्या घरातला हा आताचा कर्ता. चाकं कधीच गेली, आता त्याचं फर्निचरचं दुकान आहे. कैतान गेल्याचं कळल्यावर तो तसाही निघालाच होता. रोजालीने त्याला घराआधी काचेच्या खोलीत नेलं.

शाहीदने खिशातून छोटी हातोडी काढून धावेवर मारली. ओल्या गोणीवर मारल्यासारखा मेलेला आवाज आला.

"रोजालीबाई, हिला इथं कोणी ठेवलं?"

"आम्हीच. सगळ्यांनी मिळून."

"आमच्या दुकानात शिसवी कपाटं येतात, त्यांचेपण एवढे लाड होत नाहीत." तो चाकाभोवती फिरला. "काच काय, लाइट काय. लाकूड सुकून आक्रसलंय. तुम्ही हिला बेदाण्यासारखी वाळवलीत."

"मोडली तर नाही ना?"

"मोडली नाही, तहानलीय. आमचे दादा, म्हणजे आजोबा, सांगायचे, उन्हाळ्यात गाडीवान वाटेत ओढा दिसला की मुद्दाम चाकं पाण्यातून काढायचे. लाकूड फुगतं, धाव बसते. पावसाळ्यात घराची दारं नाही का लागेनाशी होत? तेच हे."

"मग गाढी नदीच्या डोहात घालू या. अजून पाणी आहे."

"रात्रभर राहिली पाहिजेत. सकाळी बघू. मी वादा नाही करत."

आंतोन दारात उभा राहून ऐकत होता. "शाहीदभाई, आणि वाटेत निघालं चाक म्हणजे? पपांना रस्त्यावर पाडायचं?"

"म्हणून तर म्हटलं, सकाळी बघू."

शाहीद खाली वाकून चाकाची खीळ काढायला लागला. आंतोनने बहिणीला बाजूला घेतलं.

"बाय, ऐक. चाक बसेल गं. चाकाचं मला एवढं वाटत नाही. हात कुठून आणशील?"

रोजाली जुडग्यातल्या किल्ल्या चाळवत राहिली.

"आपला उंबरपाडा नेईल, काशिरामकाका आहेत तोवर नेईल. पण हद्दीनंतर? बोरीपाडा कुठाय आता? प्रकल्पात गेला. तिथं टॉवर आहेत. आपण हद्दीवरच्या मोरीच्या पुलावर पोचायचं आणि उभं राहायचं, आणि आपल्याला हात लावायची सोय नाही. पपांना घेऊन रस्त्यात उभी राहशील? लोक हॉर्न मारतील."

दुपारी शेजारणींनी जे बोलायचं टाळलं होतं तेच आंतोनने बोलून दाखवलं होतं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला बापाची शोभा व्हायला नको होती. रोजालीलाही तेच भय होतं. पण आईच्या वेळची ती व्हॅन, तिचा धाडकन बंद झालेला दरवाजा, तिच्या कानातून जात नव्हता. पपा अख्खी हयात दुसऱ्यांच्या माणसांपुढे चालले. त्यांच्या गाडीला कुणाचाच हात लागणार नाही?

"गाडी मोरीपर्यंत तरी जाऊ दे," ती म्हणाली. "तुझी व्हॅन मागून येऊ दे. कुणी नाहीच आलं तर मोरीवर पपांना व्हॅनमध्ये ठेवू. मी एक शब्द बोलणार नाही."

"शब्द बोलणार नाहीस म्हणतेस. रडशील त्याचं काय?"

"रडायचंच तर घरीही रडेन. तू माझं ऐक."

आंतोनने मान हलवली. मग शर्टाच्या बाह्या दुमडून तो शाहीदच्या बाजूला बसला आणि दुसऱ्या चाकाची खीळ ठोकून काढायला लागला. गाडी रिकामी होती, रीत मोडण्याचा प्रश्न नव्हता. अंधार पडायच्या आत दोन्ही चाकं नदीपर्यंत घरंगळत नेली आणि डोहात आडवी घालून वर दगड ठेवले. पोहायला आलेली पोरं कडेला बसून बघत राहिली. रोजालीने त्यांनाही समजावून सांगितलं, चाक आंघोळीला का आलंय ते. सवय जात नाही.

सकाळी चाकं बाहेर काढली तेव्हा लाकूड काळंभोर झालं होतं. शाहीदने हातोडी मारली. घंटेवर मारल्यासारखा टणत्कार डोहाच्या पलीकडे गेला. त्याने दुसऱ्या चाकावर मारून बघितलं, धाव दोन्ही हातांनी सरकवून बघितली, मग ओले हात पँटला पुसले.

"चला, तुमच्या बाजूचं काम झालं," तो म्हणाला. "मी पनवेलच्या हद्दीवर उभा राहतो. आमचा हात तिथून. तिथवर आणायची जबाबदारी तुमची."

चारच्या सुमाराला चर्चमधली मिस्सा संपली. पेटी गाडीवर ठेवली, दोरीने बांधली. काशिरामने डोक्याचा रुमाल सोडून कमरेला बांधला आणि पुढचा दांडा धरला. हा काशिराम पंचाहत्तरीचा, गावचा जुना जाणता, लहानपणी कैतानच्या हाताखाली गुरं राखलेला. त्याच्या मागे त्याचे पुतणे, दोन गल्ल्यांतले बाप्ये, चर्चची दोनचार माणसं. फादर पुढे चालू लागले. जिथे कैतान चालायचे तिथे आज कुणीच नव्हतं. ती जागा रिकामी ठेवून फादर थोडे मागूनच चालले. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

चाकं वळली. कुरकुर नाही.

"चाललाय बगा कैतान," काशिराम आपल्या पुतण्याला म्हणाला. "जल्मात पयल्यांदा गाडीचे मागं हाय."

"मागं नाय काका, वर हाय."

"तेच रं. फुकट बसलाय. उतरला की इचारतो."

मागून चालणाऱ्या बायांमध्ये कुणीतरी हसलं आणि हसता हसता डोळे पुसले. रोजाली आणि आंतोन गाडीच्या पाठोपाठ चालत होते. मोकळ्या हातांचं काय करायचं हे माणसाला अशा वेळी कळत नाही. आंतोनने आधी हात मागे बांधले, मग पुढे घेतले, मग खिशात घातले. शेवटी रोजालीने त्याचा एक हात आपल्या हातात धरला. त्यांच्या मागे पांढरी शववाहिका पहिल्या गिअरमध्ये येत होती.

उंबरपाड्याची हद्द एका मोरीवर संपते. पूर्वी मोरीपलीकडे बोरीची झाडं आणि पाड्याची घरं होती. आता पलीकडे रस्ता चौपदरी झाला आहे. एका अंगाला उंच टॉवरांची भिंत, तिच्यावर हसऱ्या कुटुंबाचं मोठं चित्र. पुढे पेट्रोल पंप. मोरीवर चढ आहे, तो काशिरामच्या माणसांनी एका दमात चढवला आणि वर येऊन गाडी थांबवली. चाकाखाली दगड लावला.

पलीकडे कुणी नव्हतं. भिंतीच्या सावलीत एक रखवालदार खुर्चीवर बसला होता. त्याने उठून टोपी काढली, पण तो होता तिथेच उभा राहिला. एक स्कूटर गाडीला वळसा घालून गेली.

जरा वेळ गेला. फादरांनी एक प्रार्थना म्हटली. आणखी जरा वेळ गेला. मागे ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

आंतोन काशिरामजवळ गेला. "काका, पुढे कुणी नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. एवढं आणलंत, आणखी थोडं न्या ना. पंपाच्या पलीकडे शाहीदभाई उभे आहेत."

काशिरामने दांडा सोडला नाही, पण पाऊलही उचललं नाही. "नाय रं बाला. हितशी फुडं आमचा हात नाय."

"पण पुढे ज्यांचा हात आहे ते नाहीतच ना."

"तू सांगतंस. आमी नाय सांगत." म्हाताऱ्याने मोरीच्या पलीकडे पाहिलं. "घरं गेली, झाडं गेली, सगलं गेलं. आता फुडं आमी गेलो त बोरीपाडा नाय हे आमीच बोललो असा झाला. मग तो खराच गेला. ते माझे तोंडशी नाय व्हवाचं. कैतानला पन नाय चालाचं."

 आंतोन रोजालीकडे वळला. ती पेटीकडे बघत होती. तिच्या मनात आलं, दोन पावलं पुढे व्हावं आणि दांडा धरावा. ज्या बापाने सगळ्यांना पोचवलं त्याला लेकीने पोचवलं तर कुणाचं काय बिघडेल? पण मग ही गाडी उरेल, रीत उरणार नाही. आणि पपांनी गाडीला वंगण घातलं ते लाकडासाठी नव्हे. तिने आंतोनचा हात सोडला.

"व्हॅन बोलाव," ती म्हणाली. "मी शब्द दिला होता."

आंतोनने शववाहिकेच्या ड्रायव्हरला हात केला. मागचा दरवाजा उघडला. काशिराम वाकून दोरीची गाठ सोडू लागला. गाठ त्यानेच मारली होती, पण आता ती त्याला सुटेना.

तेवढ्यात पेट्रोल पंपाकडून कुणीतरी धावत येताना दिसलं. सोन्याची साखळी, पांढरा शर्ट, सुटलेलं पोट, आणि धावायची सवय गेलेली. त्याच्या मागे आणखी माणसं, बाया, एकदोन म्हातारे काठ्या टेकत. सगळी पांढऱ्या कपड्यांत. रोजालीने पुढच्याला ओळखलं. हितेश. बोरीपाड्याचा, तिच्याच बालवाडीतला. आता खारघरला इमारती बांधतो.

"थांबा, काका," तो मोरीपाशी येऊन धापा टाकत म्हणाला. "गाठ नका सोडू."

"तू रं कुठशी?"

"तिथंच होतो. पंपाजवळ. सगले तिथंच उभे होतो. आंतोनचा निरोप आला, चारला निघणार म्हणून. त्यात शववाहिका लिवली होती. आमी बोललो, हात लावाला मिलनार नाय त नाय, आपले हद्दीत उभं त राऊ. कैतानकाका जाताना बोरीपाडा रस्त्यावं नाय असा कसा व्हल?" त्याने कपाळ पुसलं. "मंग एक पोऱ्या बोलला, मोरीवं गाडी हाय. व्हॅन नाय, गाडी."

कुणी बेलपाड्याहून आलं होतं, कुणी विचुंब्याच्या नव्या इमारतींतून. गाव उठलं तेव्हा जिथे ज्याला जागा मिळाली तिथे तो गेला होता. आज सगळे पुन्हा आपल्या जुन्या वेशीत उभे होते, पेट्रोल पंपाच्या हवा भरायच्या यंत्राशेजारी.

हितेशने बूट काढले आणि मोरीच्या कठड्याखाली ठेवले. मग काशिरामकडे बघून म्हणाला, "आमचे हद्दीत पाय त नाय ना टाकला, काका?"

"टाकला असता त तुजे बापानं वरशी शिव्या घातल्या असत्या."

"घातल्याच असत्या. त्याला येल बी खूप मिलतो आता."

काशिरामने दांडा सोडला, हितेशने धरला. मधे एक क्षणही गाडी हातांवाचून राहिली नाही. उंबरपाड्याची माणसं मागे सरली आणि बोरीपाड्याची पुढे झाली. दांड्यांना, फळीला, मागच्या दांडीला, जिथे जागा मिळेल तिथे हात लागले. ज्यांना मिळाली नाही त्यांनी पुढच्याच्या खांद्याला हात लावला. मागे ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं.

हितेशची बायको हेतल मागच्या दांडीला होती. लग्न होऊन ती खारघरच्या फ्लॅटमध्ये आली तेव्हा बोरीपाडा जमीनदोस्त झालेला होता. ज्या गावची ती सून, ते गाव तिने पाहिलेलं नव्हतं. चालता चालता तिने शेजारच्या म्हातारीला हळूच विचारलं, "आजी, आपलं गाव कुठपर्यंत? मी हात कुठं सोडायचा?"

म्हातारीने काठीने दाखवलं. "ते पंप हाय ना, तिथं तुजे सासऱ्याचं आंगन. त्याचे फुडं इहीर. इहिरीचे फुडं पाटी दिसतंय ती, तिथं आपली हद्द. तवर सोडू नको."

"विहीर आहे अजून?"

"नाय. पन तिथं जरा बाजूनं चल."

आणि रोजालीने मागून पाहिलं, की सपाट डांबरी रस्त्यावर, जिथे काहीही नव्हतं, तिथे ती सगळी माणसं गाडी घेऊन थोडीशी डावीकडे वळली आणि पुन्हा सरळ झाली.  ती नुसती चालत राहिली, मोकळ्या हातांनी. हे हात मोकळे ठेवले होते ते कशासाठी, हे तिला पाठ होतं, मुलांना तिने शेकडो वेळा सांगितलं होतं. आज ते तिला स्वतःला समजलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला दोन्ही हात लागतात.

हद्दीच्या पाटीपाशी शाहीद उभा होता, चारपाच पनवेलकरांना घेऊन. त्याने वाकून आधी दोन्ही चाकांच्या धावा बोटांनी चाचपल्या, मान हलवली आणि दांडा घेतला. पुढचा उतार त्यांनी सांभाळून उतरवला. फाटकात गाडी थांबली. तिथून पेटी घरच्यांनी उचलायची असते. आंतोनने डोक्याकडची बाजू घेतली.

माती झाली. लोकांनी मूठ मूठ टाकली. बोरीपाड्याच्या म्हाताऱ्यांनी रोजालीच्या डोक्यावरून हात फिरवले आणि एकमेकांच्या घरची चौकशी केली. ऊन उतरलं.

फाटकाबाहेर गाडी रिकामी उभी होती. शाहीदला ती पनवेलकरांकडून वर चढवून द्यावीशी वाटत होती, पण तोही नुसता बघत राहिला. येताना गाडीला घरच्यांचा हात लागत नाही, तसा जाताना दुसऱ्या कुणाचा लागत नाही. रिकामी गाडी घरच्यांनीच घरी न्यायची. आईच्या वेळी ते राहून गेलं होतं. आंतोनने आयुष्यात ते केलंच नव्हतं.

त्याने ड्रायव्हरला परत पाठवलं. मग एक दांडा त्याने धरला, दुसरा रोजालीने. पहिल्याच झटक्याला त्याला दम लागला.

"बाय, ही रिकामी आहे ना?"

"रिकामीच आहे."

"मग एवढी जड?"

"मघाशी किती हात होते ते मोजलेस का?"

 पाटी आली. हेतलने पाण्याची बाटली पुढे केली. ती फक्त बाटली धरून उभी राहिली, गाडीला तिने हात लावला नाही. ती शिकली होती. विहिरीपाशी आंतोन सरळच निघाला होता, रोजालीने दांडा जरा डावीकडे वळवला, आणि तो काही न विचारता वळला.

मोरीचा चढ मात्र दोघांना चढवेना. अर्ध्यावर गाडी थांबली आणि मागे सरकू लागली. आंतोनने पाय रोवले. मोरीच्या कठड्यावर अर्धा उंबरपाडा येऊन बसला होता. काशिराम मधोमध, रुमालाने वारा घेत. त्यांतल्या एकानेही बोट उचललं नाही.

"आंतोन, कंबर लाव, कंबर," काशिराम म्हणाला. "हातानं नाय चढाची. ब्यांकेचं टेबल हाय काय ते?"

"काका, दगड तरी लावा चाकाला."

"दगड लावतो. हात नाय लावाचा."

एकाने दगड लावला. बाकीचे कसं चढवायचं यावर आपापसांत वाद घालू लागले. कुणी म्हणालं उलट्या अंगाने ओढा, कुणी म्हणालं तिरकी घ्या. कैतान कशी चढवायला सांगायचा ते प्रत्येकाला आठवत होतं आणि प्रत्येकाला वेगळं आठवत होतं. रोजालीला हसू यायला लागलं. आंतोनलाही आलं. दोघं दांड्यांना टेकून हसत राहिले. मग तिने पदर खोचला, त्याने बाह्या दुमडल्या, दोघांनी दांड्यांत कंबर दिली आणि पुन्हा जोर लावला. गाडी चढू लागली.